दोन माशांचं दार

"दारं धरायची? वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून?" राजनं विचारलं आणि कुसाआजी फावड्याच्या दांड्यावर रेलून खो खो हसल्या.

"आरं लेकरा, घराची दारं नाय ही! वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, भरला की मातीनं बुजवायचं अन् पुढचं फोडायचं. त्याला दारं धरणं म्हणत्यात."

नाशकातल्या इंदिरानगरच्या शाळेची सहल सायखेड्याजवळ कुसाआजींच्या शिवारात आली होती. साल अठ्ठ्याण्णव, महिना फाल्गुन. दोन दिवस शेती बघायची, जुना वारसा बघायचा, असा बेत. राज आणि ज्ञानेश बांधाबांधानं हुंदडत होते. मनीषा मात्र एका जागी बसून नुसती बघत होती. समोर बियाण्यासाठी राखलेले कांद्याचे डोंगळे कमरेएवढे उभे होते. दांड्या-दांड्यावर पांढऱ्या फुलांचा चेंडू, आणि त्यावर मधमाश्यांची अखंड गुणगुण! ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायला लागले.

"चला, मनीषाबाई ढगात गेल्या!" राज ओरडला.

"आजी, पण पाणी कुठंय?" ज्ञानेशनं विचारलं.

आजींचं हसू मावळलं. कालव्याचं पाणी पहाटेच सुटलं होतं, पण वाफ्यापर्यंत थेंब आला नव्हता. बाराला त्यांची पाण्याची पाळी संपणार, आणि पुढची पंधरा दिवसांनी!

"आत्ता दाणा भरायचा हाय. हे पाणी चुकलं तर सगळं बी पोचट. सासूबाईंच्या हातचं वाण हे, बाजारात नाय मिळायचं. वर जाऊन बघितलं असतं, पण तेवढ्यात पाणी आलं तर दारं कोण धरील?"

"उंदरांनी पाट पोखरला असेल, काकू," गोटीराम म्हणाला. हा आजींचा पुतण्या. नाशकात दुकान चालवायचा आणि आता गावात सहली आणायचा. जन्मात फावडं धरलं नव्हतं! कालच त्यानं सहलीसाठी घातलेल्या मांडवाच्या तोंडाशी शिवारात सापडलेला एक दगड उभा केला होता. दगडावर दोन मासे कोरलेले, गळ्यात झेंडूचा हार आणि वर पाटी: 'प्राचीन वारसा. हात लावू नये.'

मनीषा पाटाच्या कडेनं वर चालू लागली. मागोमाग दोघे. जुन्या मोटेच्या विहिरीजवळ ती थबकली.

"ऐका ना! विहीर गातेय!"

"कोरडी विहीर गाते? हिला ऊन लागलं रे!"

पण राजनं वाकून बघितलं आणि त्याचा आ वासला. दगडी पाटाला विहिरीकडच्या बाजूनं, पूर्वी मोटेचं पाणी यायचं ते, एक तोंड होतं आणि त्यातून सगळं पाणी खाली पडत होतं. तळातून गोड, घुमणारा आवाज येत होता. मनीषाला वाटलं, ऐकतच बसावं. मग तिला आजींचे कोरडे वाफे आठवले.

तोंडाच्या दोन्ही बाजूंना दगडात खाचा होत्या आणि त्यांतली माती नुकतीच उकरलेली. मनीषानं वितीनं मापलं.

"तीन विती, चार बोटं. सकाळी मी त्या माशांच्या दगडाकडे बघत बसले होते ना? त्याच्या कडा अशाच पातळ आहेत. अरे, तो देवाबिवाचा दगड नाही. ते दार आहे!"

तिघं धावतच मांडवात आली. माप तंतोतंत जुळलं!

"काका, हा दगड पाटाचा आहे," मनीषा म्हणाली. "विहिरीतून पाण्याचं गाणं येतंय!"

"कुठलं पाणी आणि कुठलं गाणं! व्हा बाजूला. वारसा आहे तो."

अकरा वाजून गेले होते. राजनं गळ्यातला कॅमेरा चाचपला आणि डोळे मिचकावले.

"बरोबर आहे काकांचं. पण काका, दगड त्याच्या मूळ जागी आणि शेजारी तुम्ही, असा फोटो काय भारी येईल! शाळेच्या फलकावर लावू."

गोटीरामनं लगेच केसांवरून कंगवा फिरवला. त्यानं नि एका गड्यानं दगड हातगाडीवर घातला आणि वाजतगाजत विहिरीपाशी नेला.

"खाचेत बसवा, काका. हां, अजून थोडा खाली!" राज कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला. गोटीरामची नजर कॅमेऱ्यावरून हलत नव्हती.

खट्! दगड बसला आणि विहिरीचं गाणं थांबलं. पाणी क्षणभर घुटमळलं, मग वळून शेताकडे निघालं.

"काढला का फोटो?" गोटीराम अजून हसत उभाच होता.

"रोल तर सकाळीच संपला, काका!"

गोटीराम चिडणार, तेवढ्यात त्याची नजर वळलेल्या पाण्यावर गेली. त्यानं कपाळावर हात मारला. "म्हणजे काकूंचं पाणी मीच विहिरीत घातलं? हात्तिच्या! कसला मी वारसा दाखवतोय!"

खाली आजींची हाक घुमली, "आलं गं बाई, आलं!"

मग काय विचारता! राज चिखलात बरबटला, ज्ञानेशची चप्पल वाहून गेली, गोटीरामनं पहिल्यांदाच फावडं हातात घेतलं. वाफ्यामागून वाफा भरत गेला. डोंगळ्यांची पांढरी प्रतिबिंबं पाण्यात हलू लागली. पाटाचं पाणी ओसरायला लागलं, तेव्हा एकच वाफा उरला होता.

आजींनी आपलं फावडं मनीषाच्या हातात दिलं. "हे तू धर."

मनीषानं तोंड फोडलं. उरलंसुरलं पाणी हळूहळू आत शिरलं, शेवटच्या डोंगळ्यापर्यंत पोचलं. तिनं माती ओढून वाफा बंद केला. घड्याळात बारा वाजले होते.

"ही पोरगी सारखी ढगात असते, आजी," राज म्हणाला.

"मग? पाणी तिथूनच येतं, बाबा!" आजींनी ओल्या हातानं मनीषाचा गाल कुरवाळला. "तुझ्यामुळं वाण वाचलं गं. पुढल्या पाळीला ये. दारं धरायला मला असंच कान असलेलं माणूस पायजे."