न खोडलेला शब्द

सकाळी आठला फोन आला. फौजदार पोचला तोवर दोघी बहिणींतली धाकटी गार पडली होती. वय चौतीस. छापखान्यात मुद्रितं तपासायची. लूपस, म्हणजे रोगाशी लढणारी अंगातली ताकदच अंगावर उलटते ते दुखणं. त्या दुखण्याने आधी तिचे सांधे धरले, मग डोकं.

फोन शेजारणीचा होता. "ती मेली नाही हो, मारलीय. 'गोळ्या बदलतायत' म्हणून गेल्या आठवड्यात माझ्याकडे रडली."

"गोळ्या कोण द्यायचं?" फौजदाराने थोरल्या बहिणीला विचारलं.

"मीच. दुसरं होतं कोण? गिळवत नव्हतं तिला, चावून खायची."

तिचा डॉक्टर घड्याळाकडे बघतच आत आला. "संशय घेणं हा या आजारातला भ्रम. माझ्या कागदावर लिहिलंय तसं."

"गोळ्या बघितल्यात?"

"बघायचं काय त्यात? शब्दही चुकायचे तिचे. चमच्याला चावी म्हणायची. कडूजार स्टिरॉइडच्या गोळीला तिच्या वहीत 'गोड' लिहिलंय, वाचा."

फौजदाराने वही उघडली. लक्षात राहत नाही म्हणून ती सगळं टिपून ठेवायची. 'चावी धुतली.' चावी खोडलेली, वर 'चमचा', समासात मुद्रितं तपासणाऱ्याची दुरुस्तीची खूण. पानोपानी तसंच. आणि गेले एकवीस दिवस रोज: 'गोळी गोड.' 'ताईला सांगितलं. म्हणाली, भास.'

त्याने औषधाच्या दुकानात फोन लावला.

"विशेष काही नाही साहेब. चघळायचं गोड कॅल्शियम तेवढं महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपलं त्यांचं."

फौजदार थोरलीसमोर बसला.

"ताई, शब्द चुकला की तिला कळायचं. कळला की खोडायची. 'गोड' एकवीसदा लिहिलाय, एकदाही खोडलेला नाही. कारण गोळी गोडच होती. गोळ्यांच्या डबीत स्टिरॉइडच्या खणात तुम्ही कॅल्शियम भरत होता."

थोरलीने धाकटीच्या वेणीवर हात ठेवला.

"वेणी घालत होते मी तिची. मागे वळून म्हणाली, 'कोण तुम्ही?' ती गोळी सुरू झाल्यावरच, साहेब! मला वाटलं, गोळीच वेड लावतेय माझ्या पोरीला."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"दोनदा. 'चालू ठेवा' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली."

"दुखणंच मेंदूत गेलं होतं," डॉक्टर पुटपुटला. "ती गोळी एकदम बंद केली तर जीव जातो..."

"हे आत्ता सांगताय?" फौजदाराने वही आपटली. "तिचं डोकं फिरलं असेल, पण जीभ खरं बोलत होती! तुम्ही भ्रमाचा शिक्का मारून मोकळे. हिने बदलल्या गोळ्या, आणि तुमच्या शिक्क्याआड ते खपून गेलं."



"शेवटचं काय लिहिलंय तिनं?" थोरलीने विचारलं.

फौजदाराला वाचवेना. त्याने वही तिच्यापुढे धरली. कालची तारीख. थरथरतं अक्षर.

'ताई फसवते.'

'फसवते' खोडलेलं. वर 'जपते'. आणि समासात खूण.