सहा भाडेकरूंची इमारत

शिवांजली शिर्के खुर्चीत बसली, पण तिनं पाठ टेकली नाही.

"उद्या खरेदीखत आहे," ती म्हणाली. "सही केली तर मेढ्याची जमीन गहाण पडते. नाही केली तर दादाची इच्छा मोडते. आणि दादा त्याच इमारतीच्या जिन्यात मेला."

सांगलीत खाजगी तपासाचं काम करणाऱ्या पद्मावती उपाध्ये नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस कृष्णात, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, सवयीनं दाराशी उभा होता.

शिवांजलीनं सगळं सांगितलं. दोघा भावंडांनी पहिल्यांदाच अशी गुंतवणूक करायला घेतली होती. सांगलीत नदीजवळ तीन मजली इमारत, सहा बिऱ्हाडं. किमतीच्या मोठ्या भागाला बँक कर्ज देणार होती, उरलेलं चुलते हंबीरराव देणार होते आणि त्याबदली जमीन त्यांच्याकडे गहाण राहणार होती. दोन्हींचे हप्ते भाड्यातून सुटणार होते.

"खोल्या रिकाम्या पडल्या तर?"

"तो विचारच नाही केला. बघायला गेलो तेव्हा सगळ्या भरलेल्या होत्या."

"दाखवायच्या दिवशी भरलेल्याच असतात," पद्मावती म्हणाल्या.

तिच्या दादाला, जयराजलाही पुढं तीच शंका आली असावी. न सांगता एकदा भाडेकरू बघून येतो, असं घरात म्हणून तो निघाला. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तळाशी सापडला. अंधारात पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं.

त्याच दुपारी तिघं सांगलीतल्या त्या इमारतीवर गेली. इमारतीला ताजा रंग होता. भर उन्हातही जिन्यात काळोख. कृष्णात छातीच्या उंचीवर भिंत चाचपत राहिला. दिव्याचं बटण काही सापडेना. सापडलं ते त्याच्या डोक्याच्याही वर.

"हे काय उंटानं लावायचं?" तो पुटपुटला. पद्मावतींनी वर पाहिलं आणि पुढं चालू लागल्या.

दलाल लालासाहेब घाम पुसत बोलत होता. मालक पुण्याला, किल्ल्या समोरच्या पानटपरीवर, कुणीही न्याव्यात. पुराचं विचारलं तर म्हणाला, पाणी इथं कधीच आलं नाही. घटनेच्या रात्री तो तासगावात होता, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांबरोबर जेवायला. कृष्णातनं तिथं फोन लावला. ते खरं निघालं. तरीही कृष्णातला तो माणूस आवडला नाही.

चार बिऱ्हाडांना कुलपं होती. माणसं कामावर गेलीत, असं लालासाहेब म्हणाला. एक बाई दार उघडेना. तळमजल्यावर बनुबाई भेटली.

"आठ वर्सं झाली ऱ्हातीय. कसला तरास न्हाई," ती म्हणाली.

खोली नीटनेटकी होती. पिठाचा डबा, अंथरुणं, धान्याचं पोतं, सगळं फरशीवर ओळीनं लावलेलं. पद्मावतींनी दिवा लावायला सांगितला. बनुबाईचा हात चौकटीजवळ भिंतीवर फिरला, थबकला, मग ती चवड्यांवर उभी राहिली. ताटात काळपट भाकरी होती. नाचणीची हाय, वाईच खावा की, असा तिनं आग्रह केला. कृष्णातनं खाल्ली आणि तिच्यावरचा त्याचा संशय तिथंच मिटला. त्याचं हे असंच व्हायचं.

संध्याकाळी पद्मावतींनी हंबीररावांना बनुबाईच्या खोलीतच बोलावून घेतलं आणि कृष्णातला दिवा मालवायला लावला. शिवांजली, दलाल, बनुबाई, सगळे अंधारात बसले. नदीकडून गार वारा येत होता. मॅडमचं डोकं दुखत असेल, असं कृष्णातला वाटलं.

हंबीरराव दारात आले. "पत्ता इचारत आलो. या गल्लीत पयल्यांदाच पाय ठेवतोय. आन् अंधारात का बसलाय?" हात वर करून त्यांनी दिवा लावला आणि पुतणीजवळ बसले. जयराज गेला त्या दिवशी आपण मेढ्यातच होतो, शेतावर, असं त्यांनी सांगितलं. उद्या सही कर, पोराच्या जीवाला शांती मिळंल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"सही होणार नाही," पद्मावती म्हणाल्या. "लालासाहेब खोटं बोलले, पण दलाल बोलतात तेवढंच. पाणी इथं चांगलं पुरुषभर चढलंय. म्हणून बटणं वर गेली. पूर पाहिलेला माणूस नदीकाठी फरशीवर पिठाचा डबा ठेवत नाही, सगळं माळ्यावर टाकतो. आठ वर्षं राहिलेल्या बनुबाईंना ना पूर आठवला, ना बटण सापडलं."

"म्हणजे भाडेकरू खोटे?" शिवांजलीनं विचारलं.

"खोटे, आणि डोंगरातून आणलेले. या गल्लीत शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी खातात, तुमच्या मेढ्याकडं जावळीत नाचणीची. भाडं नाही म्हणजे हप्ता नाही. हप्ता थकला की जमीन कुणाची होते?"

पद्मावती हंबीररावांकडं वळल्या.

"कृष्णात जिन्यात चाचपडला, बनुबाई या खोलीत. हंबीरराव, तुमचा हात मात्र अंधारात थेट वर गेला. पहिल्यांदाच आलेल्या माणसाचा जात नाही."

हंबीरराव हसले. "एवढ्यानं खून हुतो व्हय?"

"एवढ्यानं तुम्ही खोटे ठरता. बाकीचं बनुबाई सांगतील."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. "यांनीच आनलं आमाला. खरेदी हुईस्तवर बसा म्हनलं. त्या राती वर भांडान ऐकलं. मग काय तरी पडल्याचा आवाज झाला, आन् जिन्यावरनं ह्येच उतरलं. वाच्यता केलीस तर तुलाबी ठेवत न्हाई म्हनलं."

दलाल भिंतीला चिकटला होता. कृष्णात दारात आडवा झाला आणि त्यानं पोलिसांना फोन लावला.

"जमीन भावकीतच ऱ्हायली असती," हंबीरराव शांतपणे म्हणाले. "परक्या गावात घालवाय निघाली व्हती ही पोरं. जयराजनं भाडेकरू वळखलं, त्याला लय समजावलं. ऐकंना."

त्या शांतपणाचीच कृष्णातला भीती वाटली.

शिवांजली उठून चुलत्यांसमोर उभी राहिली. वडील गेल्यापासून या माणसाला ती बापाच्या जागी मानत होती.

"चितेला अग्नी तुमी दिला, तात्या," ती म्हणाली. "दहाव्याला कावळा शिवंना, तवा हात जोडून तुमीच म्हनला, पोरीला मी सांभाळतो."

हंबीररावांची मान पहिल्यांदाच खाली गेली.

"परवा तेरावा हाय दादाचा. तुमच्या घरचं कुणी येऊ नका."

पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. तिला बसायला सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.