एका लिटरची खूण

मूल गावात गुणवंतरावांच्या राइस मिलमागे दोन जुने टिप्पर विकायला उभे होते, एक लाल आणि एक निळा. सत्यशीलानं बाबांचा पांढरा रुमाल निळ्याच्या सायलेन्सरसमोर धरला आणि गाडीखालून दिसणाऱ्या दोन पायांना म्हणाली, "जरा इंजिन चालू करता का?"

पाय हलायचे थांबले. मग ग्रीसनं माखलेला एक चेहरा बाहेर आला.

"पायांले विचारलं का मले?"

तो बिरजू. सहा वर्षं निळी गाडी तोच चालवत होता. त्यानं इंजिन सुरू केलं, आणि रुमालावर काळा ठिपका उमटला. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, बाबा म्हणायचे. बिरजूनं ठिपका पाहिला. सकाळची थंड गाडी आहे, माणूसही सकाळी खोकतोच की, म्हणाला. सत्यशीला हसली. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. स्वतःचं हसू तिला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू आलं.

चामोर्शी रस्त्यावर मुरूम टाकायचं तिच्या बाबांचं, वामनरावांचं काम मुकादमानं सोमवारपर्यंत त्यांच्या लेकीसाठी राखून ठेवलं होतं. बाबांची गाडी त्यांच्या आधीच थकून गेली होती. आता जी घ्यायची ती जुनीच मिळणार, पण कमी डिझेल पिणारी हवी. निवड चुकली तर गाडी कामाची कमाईच खाऊन टाकणार, आणि त्या रस्त्यावरून बाबांचं नाव कायमचं जाणार.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बाबांची डबकी, डिझेल मोजायचा छोटा डबा, आणली. टाकीची नळी सोडायची, डबकी केबिनला टांगायची, तिच्यातून इंजिनाला एक लिटर डिझेल द्यायचं आणि भरली गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जी लांब जाईल ती आपली. डबकीच्या आत बाबांनी खिळ्यानं ओढलेली एका लिटरची रेघ होती.

आधी लाल गाडी. ती संथपणे गेली आणि पूल ओलांडताच थांबली.

मग निळी. डबकी बिरजूनंच भरली. सत्यशीला केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसली, बाबांचे जुने मजूर सोमाजीकाका मागं मुरुमाच्या ढिगावर. ऊन अजून कोवळं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पळस पेटला होता.

"हे गाडी घेतली त मी संग येतो," बिरजू समोर पाहत म्हणाला.

"आणि लाल घेतली तर?"

"मंग कुरखेड्याले. तिथी लाकडाच्या गाडीवर काम हाये..."

पूल आला, मागे पडला. गाडी चालतच राहिली, आणि मोहाच्या झाडांखाली एकदा खोकून गप्प झाली. मग इतकी शांतता पसरली, की बॉनेटवर पडणारं एकेक फूल ऐकू यायला लागलं. टप... टप... गोड, जड वास केबिनभर दाटला. मोहफुलं वेचणाऱ्या बाया त्यांच्याकडे पाहून गोंडीत काहीतरी बोलल्या आणि खळखळून हसल्या.

"काय म्हणाल्या?"

बिरजूचे कान लाल झाले. "मंग सांगतो."

त्यानं एक फूल उचलून तिच्यासमोर, काचेखाली ठेवलं. दोघंही कितीतरी वेळ त्या फुलाकडेच पाहत राहिली. शेवटी ढिगावरून काकांचा आवाज आला, "मुरूम इथीच खाली करता का, बाई?"

टाकीची नळी जोडून ते परतले. मिलच्या फाटकाशी बिरजूनं गाडी थांबवली, पण खाली उतरला नाही.

"डबकीत मी... जास्त टाकलं होतं. नाई त हे पुलाच्या अलीकडंच थांबली असती. लाल घ्या. पंप चांगला हाये तिचा."

"रेघेच्या वर दोन बोटं," ती हळूच म्हणाली. "पाह्यलं मी."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

सत्यशीलानं काचेखालचं फूल तळहातावर घेतलं. "वाटलं, गाडी अजून थोडी पुढं जाऊ द्यावी... आणि तुमी सांगता का नाई, तेबी पाहाचं होतं."

ती गुणवंतरावांकडे गेली आणि लाल गाडी ठरवून आली. बिरजू लालची चावी घेऊन उभा होता. तिसरा गिअर जरा हट्टी आहे, चढावर घाई करू नका, असं सांगत त्यानं चावी पुढे केली. तिनं हात पुढे केला नाही.

"गाडी लाल घेतली. ड्रायव्हर मले निळीचाच पायजे."

त्यानं चावी परत मुठीत घेतली. "किती दिवसांसाठी?"

"त्याची रेघ नाई ओढली मी."

त्यानं लालचं दार उघडलं. मग म्हणाला, "त्या बाया म्हणत होत्या, नवीन लगीन झालं वाटते या दोघायचं."

"चुकल्या," सत्यशीला म्हणाली. चार पावलं चालून ती थांबली. "...थोड्याशा."

बिरजूनं लाल गाडी सुरू केली. तिनं सायलेन्सरसमोर रुमाल धरला. कालच्या काळ्या ठिपक्याशेजारी नवा ठिपका उमटला नाही.