डाव्या हाताची गाठ

कोपऱ्यातल्या त्या मेखेला कोणी हात लावायचा नाही, एवढं तुम्हाला इथं आल्या दिवशीच बजावलं असेल. का लावायचा नाही, ते कोणी सांगितलं नसेल. आज सांगतो. ते लाकूड जरा आत सारा. आणि भिया, तू ती चिलीम खाली ठेव आधी. रिसालदारसाहेबांची गोष्ट आहे, चिलीम ओढत ऐकायची नाही.

ही माझ्यावर बेतलेली नाही. माझ्या शेजारच्या मेखेवर मानाजी म्हणून दफेदार होता, त्याच्यावर बेतली. त्यानं मला ती एकदाच सांगितली, आणि पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही.

शके अठराशे सव्वीस. मार्गशीर्ष वद्य सप्तमीला सकाळी मानाजी धारहून निघाला. काम साधं होतं. एक घोडी देवासला पोचवायची, गणपत नावाच्या स्वाराच्या हाती द्यायची आणि परत यायचं. घोडी पारव्या रंगाची, म्हणून तिचं नावच पारवी. ती होती आपल्या रिसालदार मल्हाररावांची, आणि साहेबांना जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. चंपाषष्ठीला गेले. मल्हारी नावाचा माणूस खंडोबाच्या दिवशी गेला, म्हणून अख्खं धार हळहळलं होतं.

तुम्ही साहेबांना पाहिलं नाही, म्हणून एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. जवानीत एक बिथरलेला घोडा धरताना दोरीचा वेढा त्यांच्या उजव्या हाताला बसला आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून ते गाठ मारायचे डाव्या हातानं. तुमची-आमची गाठ उजवीकडे वळते, त्यांची डावीकडे वळायची. आणि दोरी धरायला बोटं कमी, म्हणून त्यांना एक वेढा जास्त घ्यावा लागायचा. अंधारात नुसतं चाचपलं तरी कळायचं, ही साहेबांची गाठ.

रोज रात्री सगळी पागा निजली की साहेब फेरी मारायचे. हातात काठी. प्रत्येक मेखेवर काठीचं टोक टेकवायचे. टक्. पुढची मेख. टक्. कोणाच्या घोड्याची पिछाडी, मागल्या पायांची दोरी, सैल असली तर ओरडायचे नाहीत, त्या स्वाराला उठवायचे नाहीत. स्वतः वाकून सोडायचे, स्वतः बांधायचे, पुढं जायचे. सकाळी ज्याच्या मेखेला डावी गाठ दिसे त्याची मान दिवसभर खाली. फटके परवडले, असं म्हणायचे लोक.

मानाजीच्या मेखेला एकोणीस वर्षांत एकदाही डावी गाठ दिसली नाही. हे तो कोणालाही सांगायचा, न विचारता सांगायचा. आणि गणपतच्या मेखेला? जवळजवळ रोज. हा गणपत मूळचा देवासचा, पोरसवदा वयात इथं आला, पाच वर्षं राहिला आणि मग देवासच्या पागेत गेला. घोड्यावर बसायचा छान, पण साधी पिछाडी धड बांधता येईना त्याला. सगळी पागा हसायची.

आणि साहेबांनी मरताना काय म्हणावं? मानाजी पायथ्याशी बसलेला, पाय चेपत. साहेब म्हणाले, "पारवी गणपतला द्या. मानाजी नेऊन पोचवील."

बस. एकोणीस वर्षांच्या सेवेला एवढंच, नेऊन पोचवील.

उघड सांगतो, मानाजी जळत होता. धारपासून इंदूरपर्यंत जळत गेला. त्याला घोडीचा लोभ नव्हता रे. त्याच्याकडे चांगला घोडा होता. पण लोक घोडी बघणार आणि म्हणणार, साहेबांचा खरा चेला गणपत. त्याला तेच सोसवेना. ज्याला गाठ येत नाही त्याला घोडी, आणि ज्याची गाठ कधी चुकली नाही तो घोडी पोचवणारा. इंदुरात रात्र काढली, सकाळी निघायचं तर जिवावर आलं. नाल बघ, खोगीर बघ, कोणाकडे चहा घे, असं करत उन्हं कलल्यावर निघाला. अर्ध्या दिवसाची वाट, पण क्षिप्रा ओलांडेपर्यंत काळोख पडला.

पुढं देवास दोन-अडीच तासांवर. टेकडीवर देवीचा दिवा दिसत होता म्हणे, बारीकसा. मानाजीनं तो पाहिला आणि मुद्दाम घाटावरच्या धर्मशाळेत उतरला. अजून एक रात्र तरी घोडी गणपतची होऊ नये.

धर्मशाळा भवानीबाई म्हणून एक म्हातारी बघायची. तिनं भाकरी दिली, ओसरी दाखवली आणि म्हणाली, "घोड़ी कस के बांधजो, भिया. सामने कराडा है."

खरंच होतं. ओसरीपुढं वीस पावलांवर जमीन संपत होती. खाली तीन पुरुष खोल नदीचा दगडी तळ. आणि पारवी होती कोल्ह्याला बुजणारी. कोल्हेकुई कानावर पडली की उधळायची. साहेबांशिवाय कोणाच्यानं आवरायची नाही.

मानाजीनं मेख ठोकली. पिछाडी घातली. अगाडी, पुढची दोरी, खांबाला नेली. आणि तिथं त्याचा हात थांबला.

त्यानं मला शब्दन् शब्द सांगितलं ते असं. तो म्हणाला, मी काही ठरवलं नव्हतं. पण अगाडी मी खांबावर नुसती टाकली, बांधली नाही. आणि पिछाडीला जी गाठ मारली ती एका हिसक्यात सुटेल अशी मारली. मारताना मला माहीत होतं. घोडी कुठं जाईल ते माहीत होतं. सकाळी गणपतला काय सांगायचं तेही तयार होतं. घोडी उधळली, मी काय करू?

एकोणीस वर्षांत त्यानं मारलेली ती पहिली सैल गाठ.

मग तो ओसरीवर घोंगडी पांघरून आडवा झाला. झोप कुठली. कोल्ह्याची वाट बघत पडला. थंडी अशी की श्वास दिसावा. अष्टमी होती, चंद्र उगवायला अजून अवकाश. नदीचं पाणी ऐकू येत होतं, बाकी काही नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र वर आला. अर्धा.

आणि कोल्हा ओरडला. अगदी जवळ.

पारवी फुरफुरली. खूर आपटले. मानाजीनं डोळे मिटून घेतले. आता हिसका... आता दोरी...

काहीच नाही.

पारवी एकदम शांत झाली. ती शांत कशी झाली? मानाजी कान टवकारून पडला. कोल्हा पुन्हा ओरडला. पारवी हलली नाही.

मग...

टक्.

लांबून. धर्मशाळेच्या मागल्या अंगानं. तिकडं जुन्या मेखा होत्या, वाटसरूंच्या बैलांच्या. रिकाम्या.

टक्.

दुसरी.

मानाजीनं घोंगडी डोक्यावरून ओढली. ती चाल त्याच्या ओळखीची होती. चार पावलं, टक्. चार पावलं, टक्. एकोणीस वर्षं रोज रात्री जागा राहून त्यानं ती ऐकली होती. आपल्या मेखेवरून ती न थांबता पुढं जाते, एवढं ऐकायचं आणि मग झोपायचं.

टक्.

कोपऱ्यावर आली.

चार पावलं.

टक्.

ही पारवीची मेख. ओसरीपासून दोन हातांवर.

पुढं जाईल. मानाजी मनात म्हणाला, पुढं जाईल. माझ्या मेखेपाशी थांबत नाही. कधीच थांबलेली नाही...

थांबली.

... ...

बराच वेळ काही नाही. नदीसुद्धा ऐकू येईना. मग कोणीतरी वाकल्यासारखा सांधा वाजला. साहेबांचा गुडघा वाजायचा. दोरी सुटल्याचा आवाज. मग दोरी ओढल्याचा. एक वेढा. दोन. मग...

आणखी एक.

मानाजीला म्हणावंसं वाटलं, साहेब, चुकलं. तोंड उघडलं तर आवाज नाही. घोंगडी बाजूला करावीशी वाटली. हात उचलेना. उशाशी कोणी तरी उभं होतं. श्वास नव्हता, पण उभं होतं. तंबाखूचा आणि घोड्याच्या घामाचा वास आला, पागेतला, आपल्या पागेतला.

मग चार पावलं. पण पुढं मेखच नव्हती. पुढं कराडा होता.

चार पावलं. चार पावलं...

सकाळी भवानीबाईनं हाक मारली तेव्हा मानाजी उठला. ती म्हणाली, "रात कूं घोड़ी बड़ी सांत थी, भिया." मानाजी मेखेपाशी गेला. पिछाडीची गाठ डावीकडे वळलेली. मध्ये एक वेढा जास्त. अगाडीही खांबाला बांधलेली.

ती गाठ सोडायची त्याची छाती झाली नाही. पारवीच्या पायातला पट्टा काढला, मेख दगडानं ठोकून ठोकून उपटली, आणि गाठ, दोरी, मेख सगळं तसंच खांद्यावर टाकून देवासला पोचला.

गणपत पागेच्या दारातच होता. घोडी बघून त्याचे डोळे भरले. मग गणपतनं ती दोरी पाहिली. हातात घेतली, अंगठ्यानं गाठ चाचपली, आणि तो जादा वेढा लागला तसा त्याचा चेहरा उतरला.

"ही कोणी बांधली, दादा?"

मानाजीला वाटलं होतं खोटं बोलू. पण तोंडातून खरंच निघालं.

"मी रात्री सैल सोडली होती. मुद्दाम सोडली. घोडी मरावी म्हणून."

गणपत त्याच्या अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं. गणपत खाली बसला, तिथंच मातीत.

"मी पण मुद्दामच सोडायचो," तो म्हणाला.

"काय?"

"तिकडे धारला. रोज. गाठ येत नाही असं कसं होईल, दादा? पाच साल में घोडा शिकलो, गाठ नाही शिकलो? मुद्दाम सैल ठेवायचो. बाप मी पाहिला नाही. साहेब यायचे, वाकायचे. गाठ मारेपर्यंत माझ्या उशाशी असायचे. मी झोपलोय समजून डोक्यावर हात ठेवायचे कधी कधी. बस, तेवढ्यासाठी. लोक हसले तो हसने दो."

गणपत पुढं म्हणाला, "आणि तुमचा मला किती राग यायचा, सांगू? एकदा मी साहेबांना विचारलं, मानाजीदादाच्या मेखेला तुम्ही थांबत कसे नाही? तर म्हणाले, मानाजीची गाठ काय बघायची! रात्रभर झोपलो नाही मी. असं माझ्याबद्दल एकदा जरी म्हणाले असते ना, दादा."

मग मानाजीही तिथंच मातीत बसला, म्हणे. एकाला जे मिळालं ते दुसऱ्याला हवं होतं, आणि देणारा तर गेलेला. मानाजी मला म्हणाला, "एकोणीस वर्षं मी माझी मेख वगळली जाते म्हणून छाती काढून चाललो. आणि तो पोरगा रोज रात्री साहेबांना उशाशी बसवून घेत होता." हे सांगताना त्याच्या तोंडावर मत्सर होता, पोरांनो. सगळं कळल्यावरसुद्धा होता. उलट वाढला होता.

परत येऊन मानाजीनं ती मेख त्या कोपऱ्यात ठोकली. आणि त्या रात्रीपासून स्वतःच्या घोड्याची गाठ सैल ठेवायला लागला. मी शेजारी, मला दिसायचं. सैल गाठ मारायचा, घोंगडी ओढायचा, जागा पडायचा. सकाळी उठून धावत मेखेपाशी जायचा. गाठ सैलच. रोज सैलच. दोनदा घोडा सुटून बाजारात गेला, मानाजीची दफेदारी गेली, तरी त्यानं सोडलं नाही. सहा वर्षं. गेल्या पावसाळ्यात गेला तेव्हाही त्याच्या घोड्याची पिछाडी सैल होती. मी बांधली ती.

गणपतला पाच वर्षं मिळाली. मानाजीला एक रात्र.

पावसाळ्यात इथल्या दोऱ्या कुजतात, उंदीर कुरतडतात. दर वर्षी आपण नव्या घालतो. ती एक दोरी तेवढी तशीच आहे, अजून ताठ. गाठ डावीकडे वळलेली, वेढा एक जास्त. बघायची तर कंदील घेऊन जा आणि लांबून बघा.

आणि निजायच्या आधी आपापल्या गाठी नीट आवळून घ्या. सैल ठेवून कोणी येत नाही.

मी ठेवून पाहिलीय.