हेल्मेटच्या काचेतली

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, आणि वरच्या फटीतून एक हात आत आला.

"घाबरू नका हं. धरा."

"घाबरलेय कोण?" ती म्हणाली खरी, पण बाहेर आल्यावर हात मात्र जरा उशिरानंच सोडला.

तो लिफ्टचा मेकॅनिक. ती वरच्या मजल्यावर, मावशीच्या स्टुडिओत फोटोंना नवं रूप देणारी. हे कळताच त्यानं लाजत विचारलं, "मला चंद्रावर पाठवाल? भाचीला थाप मारलीय, मामा तिथल्या लिफ्टा दुरुस्त करतो म्हणून. आता पुरावा मागतेय."

ती खळखळून हसली.

मग रोज संध्याकाळी तो 'कुठवर आलं' ते बघायला येऊ लागला. पडद्यावर त्याचा मळकट गणवेश हळूहळू चंदेरी झाला, डोक्यावर काचेचं हेल्मेट आलं. तिनं खांद्यांच्या कडांवर निळसर उजेड ओतला, मागे काचेचे मनोरे उभे केले, काळ्या आभाळात पृथ्वी टांगली. तो खुर्ची ओढून शेजारी बसला, की ती झालेलंच काम पुसून पुन्हा करायला घ्यायची.

"झालं का?"

"अजून... सावल्या बाकी आहेत."

"एका फोटोला इतके दिवस?" आतून मावशी. "खऱ्या चंद्रावर माणूस याहून लवकर पोचतो!"

पण फोटो संपला, की त्याचं येणंही संपणार होतं. तिला ते ठाऊक होतं.

अखेर सबबी संपल्या. तिनं प्रिंट त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला.

"हेल्मेटच्या काचेत... ही कोण?"

तिनं वाकून पाहिलं. काचेत समोरच्याचं प्रतिबिंब पडतं, म्हणून तिनं चाचणीपुरता स्वतःचाच फोटो वाकवून तिथे बसवला होता. फोटोवर चढवलेला तो थर बंद करायचाच राहिला!

"चुकून... राहिलं ते."

"काढता येईल?"

"एका क्लिकमध्ये."

"मग... काढणार?" त्याचा आवाज एकदम हळू झाला.

तिचं बोट माउसवर होतं. खिडकीबाहेर एकेक दिवा लागत होता. बोट काही हलेना.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यासमोर दुसरं कुणी... बसवावंसं वाटत नाही मला."

त्यानं प्रिंट अलगद छातीशी धरला. "मलाही नकोय दुसरं कुणी," तो पुटपुटला. "पण भाची विचारेल ना, ही कोण म्हणून..."

"सांगा की, मामी आहे!" आतून मावशी.

दोघं दचकून प्रिंटरकडे बघू लागली, जणू तोच बोलला होता... आणि मग, हळूच, एकमेकांकडे.