दोरीला तीन हिसके

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले होते. भुतानेच किंचाळायचं म्हणजे नामुष्कीच की! पण इलाज नव्हता. तोंडाला पीठ फासून, पांढरा पायघोळ झगा सावरत मी इंजिनाला वळसा घालून डब्याकडे निघाले होते, आणि चाकांमागून अचानक एक काळाकुट्ट चेहरा वर आला. नुसते डोळे आणि दात.

मी किंचाळले. तोही किंचाळला. त्याच्या हातातलं फावडं खणकन खाली पडलं.

"बाई... तुम्ही खऱ्या आहात ना?"

"खोटी आहे. पगार घेऊन भूत होते," मी छातीवर हात ठेवून म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मी खरा. नुसता धुतलेला नाही."

तो इंजिनाचा फायरमन होता, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. ड्रायव्हरकाका त्याला काजळ्या म्हणायचे. मी त्याच दिवशी 'भुतांच्या फेरी'वर रुजू झाले होते. वाफेवरची जुनी गाडी, तीन लाकडी डबे, आणि दर शनिवारी संध्याकाळी पोराबाळांना घेऊन येणारी माणसं. जाताना बोगद्यात मी एक गोष्ट सांगायची. पलीकडच्या पडक्या स्टेशनाजवळ शेकोटी, भाजलेले बटाटे, आणखी एक गोष्ट, आणि आठाच्या आत मंडळी परत. पोरांची झोप उडेल इतकं घाबरवायचं नाही, असा साहेबांचा हुकूमच होता.

माझ्या डब्यात छतालगत एक दोरी होती. तिला हिसका दिला की इंजिनात घंटा वाजायची. गोष्टीतली, आपल्या ड्रायव्हरची वाट पाहणारी कंदीलवाली बाई रुळांवर आली की मी हिसका द्यायचा आणि त्याने लांबलचक शिट्टी मारायची. पोरं एकदम आईच्या कुशीत! आमचं सूत जमलं ते या दोरीवरूनच.

"आज उशीर केलात," शेकोटीपाशी तो म्हणायचा. "शिट्टीवर हात ठेवून ताटकळलो मी."

"सवय करा. माझ्या गोष्टीतली बाई शंभर वर्षं ताटकळतेय."

"तिला कोणी सांगत का नाही, तिचा ड्रायव्हर आता येत नाही म्हणून?"

"सांगतील की. पण मग माझी नोकरी जाईल त्याचं काय?"

तो हसला की कानाजवळची काजळी तडकायची. मला बटाटा देण्याआधी तो तीनतीनदा हात धुवायचा, तरी सालीवर अंगठ्याचा काळा ठसा उमटायचाच. मी तो कधी पुसला नाही. अहोजाहो कोणत्या शनिवारी गळून पडलं, तेही आता आठवत नाही.

घरी मी आणि बाबा. बाबा याच लाइनीवर तीस वर्षं गार्ड होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं आणि बोलणं विस्कटलं. पाणी हवं असलं की 'दार' म्हणायचे, दार लावायला सांगायचं तर भलतंच काही. डॉक्टरांना कळेना, शेजारच्या काकूंना कळेना. मला मात्र सगळं कळायचं. 'कळलं नाही' असं कोणी म्हटलं की बाबांचा चेहरा कसा पडतो, ते मी पाहिलं होतं. म्हणून मी ते दोन शब्द त्यांच्यासमोर कधी उच्चारले नव्हते.

मग एक दिवस बॉयलर तपासणारा माणूस आला. हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि मान हलवली. इंजिन रंगवून स्टेशनासमोर उभं करायचं ठरलं, पोरांना फोटो काढायला. पुढच्या हंगामापासून डिझेल इंजिन. आणि डिझेलला फायरमन लागत नाही.

"मला बंदरावर काम मिळालंय, बॉयलरवरच," तो नखांतली काजळी उकरत म्हणाला. "दोन दिवसांचा प्रवास. शेवटची फेरी झाली की त्याच संध्याकाळच्या मेलने निघायचं."

"छान झालं," मी म्हणाले. तोंडावर पीठ असण्याचा एक फायदा असतो. रंग उडाला तरी दिसत नाही.

"तूही ये ना... बाबांना घेऊन. आठवड्याने मी तुम्हाला न्यायला येतो. खोली एकच आहे, पण तळमजल्याची मागून घेतलीय. त्यांना जिना नको म्हणून."

तळमजल्याची! मला उत्तर विचारायच्या आधी त्याने जिन्याचा विचार केला होता. मला तिथेच रडू यायला लागलं.

"बाबा इथल्या शिट्ट्यांवर उठतात-झोपतात रे. ते नाही यायचे."

"विचारलंस त्यांना?"

मी झग्यावरची राख झटकली. त्याने शेकोटीत एक काटकी टाकली.

"तोंडाने नको सांगूस. शेवटच्या फेरीला बोगद्यात नेहमीसारखा एक हिसका दिलास तर 'नाही' समजेन. तीन दिलेस तर..." तो थांबला. "तर बघ, शिट्टी कशी मारतो ते!"

त्या शेवटच्या शनिवारी निघताना बाबांना भरवता भरवता मी सगळं सांगून टाकलं. "तो बोलावतोय, तुम्हालाही. पण आपण कुठे जायचं नाही हं. घाबरू नका." बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि काहीतरी सांगायला लागले. गाडीची वेळ झाली होती. "आल्यावर बोलू," म्हणत मी हात सोडवून घेतला.

बोगदा आला. मी गोष्ट सुरू केली. कंदीलवाली बाई अजून रुळांवर आलीही नव्हती, माझा हात दोरीकडे नुकताच उचलला होता, तेवढ्यात माझ्या शेजारची चष्मेवाली आजी दचकून उठली आणि आधाराला नेमकी दोरीच धरली. एक हिसका. लगेच शिट्टी वाजली. लांब, सरळ, नेहमीसारखी.

"अगं बाई! मी काही मोडलं का गं?" आजी घाबरून म्हणाली.

"नाही हो आजी," मी म्हणाले. अजून दोन हिसके द्यायला वेळ होता. दोरी माझ्या नाकासमोर हलत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले, आणि बोगदा संपला.

शेकोटीपाशी तो लांब बसला होता. गोष्ट संपल्यावर एका चिमुरडीने विचारलं, "ती बाई त्याच्या गाडीतच बसून का नाही गेली?"

सगळे हसले. मी हसू शकले नाही.

"जायचं होतं तिला. फार जायचं होतं," मी म्हणाले, चिमुरडीकडे न बघता. "आणि तिने 'नाही' म्हटलंच नव्हतं. तो हिसका... तिचा नव्हताच."

बटाटे वाटताना तो जवळ आला. "मग कोणाचा होता?"

"एका आजीचा."

तो खुदकन हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. "पुढचे दोन का नाही दिलेस?"

मी पुढच्या पोराच्या हातात बटाटा ठेवला.

"परतीच्या वाटेवर बोगदा आहेच," तो हलकेच म्हणाला. "मी वाट बघेन. पण तेव्हाही घंटा वाजली नाही, तर पुन्हा विचारणार नाही. पत्ताही देणार नाही. मला आशेवर जगता येत नाही गं... तुझ्या त्या बाईसारखं."

परतताना बोगद्यात शिरताच गाडी मंदावली. इतकी, की माणूस चालत पुढे गेला असता. पोरांना वाटलं, हाही खेळच. ती आनंदाने ओरडत होती. मला माहीत होतं, पुढे कोणीतरी ड्रायव्हरकाकांच्या हातापाया पडून तो बोगदा लांबवत होतं.

मी दोरी धरली. मुठीत घट्ट धरली. बाबांचं कसं होईल, नव्या गावात त्यांचं बोलणं कोणाला कळेल, मला काही झालं तर... हे सगळं मनात आलं. पण खरं सांगू? बाबांचं निमित्त होतं. मला भीती वाटत होती. लोकांच्या पोरांना घाबरवून पोट भरणारी मी, एका खोलीच्या संसाराला घाबरले.

बोगद्याचं तोंड दिसलं. बाहेरचा अंधुक उजेड हातावर आला. दोरी अजून मुठीतच होती.

स्टेशनात तो तोंड धुऊन खाली उतरला. त्याचा धुतलेला चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. डाव्या गालावर तीळ होता. इतके महिने तो माझ्यासमोर होता आणि मला माहीत नव्हता.

"येतो, भूतबाई," तो म्हणाला. पिशवी खांद्यावर टाकली आणि मेलच्या फलाटाकडे वळला. मागे पाहिलं नाही त्याने. मी मात्र पाहत राहिले, झगा घालूनच.

घरी आले तेव्हा बाबा खाटेवर ताठ बसले होते. अंगात जुना गार्डचा कोट, डाव्या हाताने कशीबशी तीन बटणं लावलेला. पायांशी ट्रंक उघडी. तिच्यात माझे कपडे कोंबलेले, त्यांचे सदरे, औषधांची पिशवी, आणि सगळ्यांत वर त्यांची शिट्टी. एका हाताने त्यांना हे सगळं करायला किती वेळ लागला असेल, देव जाणे. कपाळावर घाम होता, आणि डोळे कसे लकाकत होते!

लांबून मेल सुटल्याचा आवाज आला. बाबांनी कान टवकारले, मग माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. उलटेसुलटे तीन-चार शब्द. दुसऱ्या कोणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं.

मला कळलं. 'आपली कधी?' असं विचारत होते ते.

मी ट्रंकेपाशी खाली बसले. तोंडावरचं पीठ ओघळून ओठांवर आलं होतं.

"कळलं नाही, बाबा," मी म्हणाले.