तिसऱ्या कुपीतील मिठाचे पाणी

ज्या उंदरांना नुसते मिठाचे पाणी टोचले, तेच अधिक धावले, औषध टोचलेल्या उंदरांहूनही. हे कसे घडावे?

डॉ. नीलकंठ देवस्थळी सकाळपासून या एकाच प्रश्नापाशी थांबले होते. कोयनेच्या खोऱ्यातील त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्याजवळ होती अकरा वर्षांची नात शाल्मली आणि नोंदी ठेवणारा यंत्रमानव मापाजी.

"मापाजी, आकडे पुन्हा एकदा वाच बरे."

"चार वेळा वाचले, महाराज. पाचव्यांदा वाचले म्हणून काही ते लाजून बदलणार नाहीत!"

शाल्मलीला हसू आले नाही. तिच्या थोरल्या बहिणीला, आर्द्राला, अनावर निद्रेचा विकार होता. बोलता बोलता तिला झोप घेरी. तिच्यासारख्यांसाठी दोन नवी उत्तेजके (मेंदूला जागे ठेवणारी औषधे) येथे पारखली जात होती. दोन्ही मिठाच्या पाण्याहून उणी ठरली, तर संध्याकाळच्या अहवालात दोन्ही बाद होणार होती.

"आजोबा, मुळात मिठाचे पाणी टोचायचेच कशाला?"

"असे बघ, बाळ. सुई टोचली की उंदीर बिथरतो. नवी पेटी दिसली की हुंगत फिरतो. मग तो औषधाने किती धावला आणि सुईने किती, हे कसे कळावे? म्हणून एका गटाला सारे तसेच करायचे, फक्त औषध द्यायचे नाही. हा नियंत्रक गट (तुलनेसाठी ठेवलेला गट). पेटीत अदृश्य किरण सोडलेले असतात. उंदीर आडवा गेला की किरण तुटतो आणि मापाजी तो मोजतो. कोणत्या कुपीत काय आहे, हे शिक्काबंद पाकीट आज उघडेपर्यंत आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. कारण माणसाचा हात आवडत्या गटाकडे नकळत झुकतो."

शाल्मलीचे कान तापले.

या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. पिंजऱ्यांना हात लावण्यापूर्वी आजोबा रोज हात जोडून उंदरांना म्हणत, "तुमच्या कष्टाचा कणही वाया जाऊ देणार नाही." शाल्मलीही त्यांच्यामागे तेच म्हणे. पहिल्या दिवशी तिसऱ्या कुपीचे उंदीर थोडे फिरून कोपऱ्यात निजले. यांना औषध मिळालेले दिसत नाही, हे तिने ताडले. कष्ट सारखेच, पण पदरी काहीच नाही! दुसऱ्या दिवसापासून पेटीतून पिंजऱ्यात परतणाऱ्या त्या उंदरांना ती गुपचूप एकेक शेंगदाणा देऊ लागली.

हे सांगितले, तर प्रयोगशाळेचे दार कदाचित तिला कायमचे बंद होईल. न सांगितले, तर ताईचे औषध बाद होईल. तिने मान खाली घालून सारे सांगितले.

आजोबांनी अहवालाचा कागद बाजूला सारला. मापाजी मात्र उसळला. "म्हणजे दहा दिवस मी औषधाचा गुण नव्हे, शेंगदाण्याची आशा मोजत बसलो होतो!"

"अगदी बरोबर बोललास," आजोबा म्हणाले. "आधी सुई, मग पेटी, मग खाऊ, हा क्रम उंदीर शिकला. पेटीत शिरताच तो खाऊच्या ओढीने फिरू लागला. शाल्मली, दया केलीस यात दोष नाही. एकाच गटावर केलीस, तेथे चुकलीस. द्यायचे तर तिन्ही गटांना, सारखेच."

"आता मी येथे यायचे नाही का?"

"यायचे. नवे उंदीर, नव्या कुप्या, नवे दहा दिवस. आणि पिंजरे तू धुवायचे."

या खेपेला प्रत्येक औषध अल्प, मध्यम आणि अधिक अशा तीन मात्रांत (मात्रा म्हणजे एका वेळी दिलेले प्रमाण) दिले गेले. मिठाच्या पाण्याचे उंदीर थोड्याच वेळात शांत झाले. पहिल्या औषधाने मात्रेगणिक धाव बेताबेताने वाढली. दुसऱ्याने मध्यम मात्रेला उंदीर सुसाट धावले, पण अधिक मात्रेला आकडा घसरला.

"जास्त औषध आणि कमी धाव?" शाल्मली चक्रावली.

आजोबांनी चित्रफीत लावली. उंदीर एका कोपऱ्यात उभा राहून एकसारखी मान हलवत होता. पिंजऱ्यात परतल्यावर पुढ्यातल्या नेहमीच्या दाण्याकडेही त्याचे लक्ष नव्हते.

"हा जागा आहे, पण भानावर नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणजे नुसती धाव मोजून चालणार नाही. आणि मध्यम मात्राच पाहिली असती, तर आपण हेच औषध उत्तम ठरवले असते!"

आजोबांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "पहिल्या दहा दिवसांत काय घडले, ते तू तुझ्या हाताने लिही." तिने शेंगदाण्यांसह सारे लिहिले.

पहिले औषध पुढच्या साऱ्या चाचण्यांतूनही पार पडले. कार्तिकात आर्द्राला माणसांवरील चाचणीचे पत्र आले. ते वाचता वाचता शाल्मली अडखळली. "ताई, निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी देणार आहेत. तुला तीच मिळाली तर?"

"मिळू दे," आर्द्रा म्हणाली. "त्या गटात कोणी बसलेच नाही, तर औषध खरे आहे हे कळणार कसे? खरे ठरले, की ते त्या गटालाही देणार, असे खाली लिहिले आहे. सही कुठे करायची, दाखव..."

बोलता बोलताच तिचे डोळे मिटले. शाल्मलीने सहीच्या जागेवर बोट ठेवले आणि ते न हलवता ती बसून राहिली. काही वेळाने आर्द्राने डोळे उघडले, बोट कुठे आहे ते पाहिले आणि तेथे ठळक अक्षरांत सही केली.